तास कोणाचे लिहायचे?

सेवेचे तास मोजावेत की मोजू नयेत, हा वाद आमच्या पालक संघात दोन वर्षांपासून चालू आहे आणि तो मिटेल असं दिसत नाही. आम्ही म्हणजे मिरजेतल्या एका मोहल्ल्यातले वीस-बावीस आईबाप. आमची मुलं उर्दू, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांच्या शाळांत जातात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. आमच्यातल्या दोघी अशा समितीवर आहेतही. पण समिती एकेका शाळेपुरती असते, आणि दाखले, शिष्यवृत्ती, प्रवेश ही दुखणी सगळ्या मोहल्ल्याची. म्हणून हा संघ. दर रविवारी असरनंतर मदरशाच्या ओसरीवर टेबल मांडायचं आणि ज्याचा जो अर्ज असेल तो भरून द्यायचा, एवढंच त्याचं काम.

टेबलाशी बसतात ती कॉलेजची मुलंमुली. त्यांतली बरीच राष्ट्रीय सेवा योजनेत आहेत. ही योजना १९६९ सालची, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात २४ सप्टेंबरला सुरू झालेली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर, मग प्रमाणपत्र. कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी आमचा मोहल्ला त्यांच्या कामात धरला आणि सांगितलं, "तास तुम्ही लिहा, खाली सही करा, मी पडताळून डायरीत घेईन." तेव्हापासून वही आली, आणि वहीबरोबर वाद.

आमच्या एका बुजुर्ग चाचांना वही पहिल्या दिवशीच खटकली. "खिदमत आणि हिशेब? अरे, हिशेब ठेवायला दोन फरिश्ते खांद्यांवर बसलेत की!" यावर एक मुलगा पटकन म्हणाला, "चाचा, त्यांची वही कॉलेजात चालत नाही." सगळे हसले, चाचाही हसले, पण त्यांचं म्हणणं काही त्यांनी मागे घेतलं नाही. निय्यत बिघडते, असं त्यांचं मत. घड्याळाकडे बघत केलेल्या कामात दिखावा शिरतो. ते अगदीच खोटं नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरानं सांगली बुडाली, माणसं मिरजेला आली, तेव्हा याच मोहल्ल्यातल्या पोरांनी रात्र-रात्र भाकरी आणि पाणी पोचवलं. त्याची नोंद कुठेही नाही आणि कोणी ती मागितलीही नाही. रमजानमध्ये इफ्तारीची वाढप वहीत लिहायची का, असा प्रश्न निघाला तेव्हा मुलांनीच ठरवलं की नाही, ते आपलं घरचं काम.

पण टेबलाचं काम वेगळं आहे. ते किचकट आहे, त्यात दिसण्यासारखं काही नाही, आणि त्यातलं बरंचसं काम एखाद्या अक्षराचं असतं. आमच्या नावांची गंमत वाचकांना सांगायला नको. मोहम्मद, मुहम्मद, महंमद, महमद, नुसतं मो., इंग्रजीत एम आणि डी ही दोनच अक्षरं, माणूस एकच. शेख कुठे आधी, कुठे शेवटी. मुलीच्या जन्मदाखल्यावर बेगम असतं, आधारवर नसतं, शाळेच्या जनरल रजिस्टरात बेगमही असतं आणि बापाचं नाव वेगळ्याच स्पेलिंगनं. चौथी-पाचवीपर्यंत कोणाचं अडत नाही. दहावीला येता येता अडतं, कारण गुणपत्रिकेवर जे नाव छापून येईल ते पुढे जन्मभर चिकटतं. शाळेत आहे तोवर दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी. शाळा सुटल्यावर तीच गोष्ट डोंगराएवढी होते. नोकरीला, पासपोर्टला, बँकेला, प्रत्येक ठिकाणी ही आणि ती एकच मुलगी आहे हे सिद्ध करत बसायचं.

फळांचा गाडा लावणाऱ्या एका घरची मुलगी यंदा दहावीत आहे. तिच्या कागदांवर तिची तीन नावं होती. अम्मीला लिहिता-वाचता येत नाही, अब्बा दिवस बुडवू शकत नाहीत. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या आमच्या एका मुलीनं हे काम अंगावर घेतलं. जन्मदाखल्याची नवी प्रत, प्रतिज्ञापत्र, आधार केंद्रावरची रांग, मुख्याध्यापकांना अर्ज. तीन रविवार आणि मध्ये दोन कामाचे दिवस गेले. वहीत तिनं लिहिलं, "नावदुरुस्ती, २ तास."

आम्ही विचारलं, "बेटा, दोनच?"

"टेबलाशी दोनच तास बसले होते, खाला. बाकी वेळ मी त्यांच्याबरोबर नुसती चालत होते, रांगेत उभी होते."

त्याच पानावर वर एका मुलाच्या नावापुढे चार तास होते. त्यानं काय केलं होतं? खुर्च्या मांडल्या होत्या आणि खुर्च्या उचलल्या होत्या. मधला वेळ तो ओसरीवर होता हे खरं. खोटं कोणीच लिहिलं नव्हतं. मुलगे हजेरी लिहितात, मुली फक्त हातातलं काम लिहितात, एवढाच फरक. आणि मागची पानं चाळली तेव्हा तो बहुतेक ठिकाणी दिसला. आमच्यातली एक आई म्हणाली, "आपणही घरी असंच करतो. दिवसभर राबायचं, आणि संध्याकाळी कोणी विचारलं, आज काय केलं, की म्हणायचं, काही नाही." त्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग ठरलं की चालणं धरायचं, रांग धरायची, एखाद्या अम्मीला धीर देत बसलेला वेळही धरायचा. खुर्च्यांचे तास खुर्च्यांपुरते.

हे कळलं ते वहीमुळेच. वही नसती तर फोटोत जो पुढे उभा असतो त्याचंच काम मोठं ठरलं असतं. चाचांना आम्ही हे सांगितलं. ते म्हणाले, "मग मुलींचे लिहा. पोरांचे लिहू नका." हाही एक तोडगा आहे म्हणा!

वहीची खरी कसोटी मात्र यानंतर लागली. मोहल्ल्यातले एक प्रतिष्ठित गृहस्थ आपल्या मुलासाठी ६० तासांची सही मागायला आले. मुलगा दोन रविवार येऊन गेला होता. "आपल्याच मुलाचं भलं होतंय, तुमच्या खिशातून काय जातं?" असं त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, अगदी आपुलकीनं विचारलं, त्यामुळे नाही म्हणणं जास्त अवघड गेलं. सही म्हणजे शहादत. आम्ही साठ लिहिले असते तर त्या मुलीचे तीन रविवार कार्यक्रम अधिकाऱ्यांनी कोणत्या तोंडानं खरे मानावेत? आम्ही त्याचे झाले तेवढे पाच तास लिहून दिले. टेबल आणि खुर्च्या त्यांच्याकडून येत होत्या, त्या यायच्या थांबल्या. सध्या मदरशाच्या चटयांवर बसतो, आणि एका शेजाऱ्यानं शिवणयंत्राचा जुना पाट दिला आहे त्यावर लॅपटॉप ठेवतो. सलाम-दुआ चालू आहे. पण त्या घरच्या एका लग्नाची दावत आमच्यातल्या काहींना आली, काहींना नाही.

२४० तास भरले की काही मुलं येणं बंद करतात. त्यांना आम्ही बोल लावत नाही. शेवटचं वर्ष असतं, कोणाला कामधंद्याला लागायचं असतं. आलेल्या वेळाचं काम त्यांनी चोख केलं. चाचांना अर्थातच हे बोलायला निमित्त होतं, आणि ते सोडत नाहीत.

फळवाल्यांच्या मुलीचं आधार दुरुस्त होऊन आलं. रजिस्टरातल्या बापाच्या नावाचा प्रस्ताव मुख्याध्यापकांनी वर पाठवला आहे, उत्तर यायचं आहे, आणि परीक्षेचा अर्ज आता भरायलाच हवा. बी.एस्सी.वालीची प्रात्यक्षिकं सुरू आहेत. या आठवड्यात तिच्याऐवजी शाळेत कोण जाणार, ते अजून ठरायचं आहे.