भिमडीची होडी

आजी शेवटपर्यंत 'भिमडी'च म्हणायची. जुन्या कागदांतही हेच रूप सापडतं. पालिकेच्या पाटीवर मात्र जोडनाव, भिवंडी-निजामपूर; पुढे महानगरपालिका झाली तरी ते तसंच राहिलं. निजामपूर कुणाच्या तोंडी येत नाही, आणि आमच्या वेळचा एसटी कंडक्टर तर भिवंडीही पुरतं म्हणत नसे. 'वंडी, वंडी' एवढंच ऐकू यायचं.

नॉर्वेत म्हणे किनाऱ्यावरच्या चिमुकल्या पालिकेलाही स्वतःची ढाल असते. तिच्यावर एखादंच ठसठशीत चिन्ह, मासा नाहीतर होडी, आणि रंग जेमतेम दोन. वाचलं तेव्हापासून डोक्यात घोळतंय, आमच्या गावाच्या ढालीवर काय काढायचं?

आजीने होडीच सांगितली असती. ती नवी नवरी म्हणून मचव्यातून इथल्या बंदरावर उतरली होती. भरतीला मचवे कामवारी नदीतून गावापर्यंत यायचे आणि तांदूळ, गवत, लाकूड भरून मुंबईकडे निघायचे. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांकडे आली आणि स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात इथल्याच खाडीच्या परिसरात झाली, हे शाळेत ऐकताना आमची छाती फुगायची. आता बंदर मोहल्ला आहे, बंदर नाही. कामवारीचं पाणी काळं, आणि पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात.

आमच्या पिढीची खूण मात्र यंत्रमागाचा धोटा. रात्री झोपताना मागांची खटखट, सकाळी उठलो तरी तीच. वीज गेली की गाव एकदम गप्प व्हायचं आणि त्या शांततेनेच जाग यायची. १९८२ च्या संपात मुंबईच्या गिरण्या थंडावल्या, तशी इथे माग वाढले. गल्लीबोळांत कोऱ्या कापडाचे तागे, कानावर कापसाची पुसट लव. धोटा हातात घेतला की जवळपास दोन वीत लांब, गुळगुळीत लाकूड, पोटात कांडीपुरती पोकळी, धाग्यासाठी चिनी मातीचं बारीक भोक, दोन्ही टोकांना लोखंड. हुबेहूब होडी! पहिल्या पावसात मी एक ढापलेला धोटा गटाराच्या ओढ्यात सोडला होता. त्याने नाक खाली घातलं आणि तो बुडाला. घरी मारही खाल्ला, तो चोरीचा की बुडवण्याचा, ते आजतागायत कळलेलं नाही.

नातवाला विचारलं तर तो गोदामाचं शटर काढेल. काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली, जिथे भातशेती होती तिथे आता मैलभर पत्र्याची छपरं. मुंबईची जकात चुकवायला माल हद्दीबाहेर, इथे येऊन थांबू लागला. २०१७ ला जकात गेली, गोदामं उलट वाढली. ती काही आपोआप उभी राहिली नाहीत, आमच्याच लोकांनी शेतं विकली, त्यात आमचंही एक होतं. मुंबईकराने मोबाईल मागवला की तो बहुधा आमच्या गावात मुक्काम करून जातो. गावात त्याला कुणी पाहिलेलं नसतं.

गेल्या वर्षी ओळखीच्या कारखान्यातले जुने माग किलोवर भंगारात गेले. भंगारवाल्याने धोट्यांचा ढीग बाजूला केला. लाकडाला भाव नाही, म्हणाला. पकडीने टोकांचं लोखंड तेवढं उपटून घेतलं आणि उरलेला एक धोटा माझ्या हातात ठेवला.

घरी येऊन बादलीत सोडला. तरंगला.