देग एक, ताट वेगळे

रमजान जवळ आला होता. मोहल्ल्याच्या बैतुलमालकडे येणारे मदतीचे अर्ज मोबाइलवरून भरता यावेत, गरजूंना चारचौघांत रांगेत उभे राहावे लागू नये, म्हणून आम्ही दोघी बहिणींनी एक छोटे सॉफ्टवेअर तयार केले.

काम नोड.जेएसवर, फास्टिफाय वापरून केले. सुरुवातीला प्रत्येक फाइल स्वतःच डेटाबेस उघडायची. चाचणी घ्यायची तर खऱ्या नोंदींना हात लागायचा. म्हणून फास्टिफायचे ऑविलिक्स प्लगइन घेतले. लागणारे भाग एका ठिकाणी नोंदवायचे. ज्याला जे हवे ते प्लगइन त्याच्या हाती देते. याला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. चाचणीसाठी खऱ्या डेटाबेसऐवजी नकली दिला तरी बाकी कोड बदलावा लागत नाही.

नोंदवताना त्या भागाचे आयुष्यही सांगता येते. सिंगल्टन म्हणजे सर्वांसाठी एकच. स्कोप्ड म्हणजे प्रत्येक विनंतीसाठी वेगळा. आम्ही घाईत सगळेच सिंगल्टन केले. चालू अर्जदाराची माहिती धरून ठेवणारा भागसुद्धा! घरी एकाच मोबाइलवर तपासले, सगळे ठीक चालले.

तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या एका खालांचा फोन आला. "बेटी, यात माझा नाही, दुसऱ्याच कुणाचा अर्ज दिसतोय. मी वाचला नाही, लगेच बंद केला."

आमचे हातपाय गार पडले. दोन अर्ज एकाच वेळी उघडले गेले होते. पहिल्या विनंतीचे उत्तर डेटाबेसकडून येईपर्यंत दुसरीने त्याच भागात आपले नाव लिहिले होते.

त्याच रात्री सॉफ्टवेअर बंद केले. डेटाबेसची जोडणी सिंगल्टनच ठेवली. अर्जदाराचा भाग स्कोप्ड करून विनंतीच्या स्वतःच्या स्कोपमधून घेतला. दावतीत देग एकच असते, पण ताट ज्याचे त्याचे. मग दोन मोबाइलवरून एकाच वेळी अर्ज उघडून पुन्हा पुन्हा तपासले.

दुसऱ्या दिवशी, ज्यांचा अर्ज उघड झाला होता त्यांच्या घरी जाऊन आम्ही माफी मागितली. त्यांनी माफ केले. पण सूरह अन्-निसाच्या 58 व्या आयतीत अमानत ज्याची त्याला सोपवण्याचा हुकूम आहे, तो आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. कोडच्या एका ओळीतही तो पाळावा लागतो, हे तेव्हा कळले. आमच्या हातून अमानत निसटली. खालांनी मात्र न वाचता ती सांभाळली.