एक स्थानक आधी

कलकत्त्याचा पाऊस माणसाला विचारून येत नाही आणि जातानाही निरोप घेत नाही. दुपारी आकाश काळे होते, डलहौसी चौकातल्या जुन्या इमारतींचे लाल रंग अधिकच गडद होतात, आणि कचेरी सुटण्याच्या सुमारास रस्ते म्हणजे संथ, गढूळ नद्या होऊन गेलेल्या असतात. १९९१ सालच्या ऑगस्टमधली ती एक अशीच संध्याकाळ होती. शहराचे नाव अधिकृतपणे कोलकाता व्हायला अजून दहा वर्षे अवकाश होता.

तो बँकेतला एक मध्यमवयीन मराठी अधिकारी. तीन वर्षांपूर्वी बदली होऊन आलेला, भवानीपुरात दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड थाटलेला. रोज साडेपाचला एस्प्लनेडला भुयारी रेल्वे पकडायची, पार्क स्ट्रीट, मैदान, रवींद्र सदन ही स्थानके मोजायची आणि चौथ्या स्थानकावर उतरायचे, हा त्याचा नेम. देशातली ही पहिली भुयारी रेल्वे १९८४ साली याच टप्प्यावर सुरू झाली होती, आणि तिच्या स्वच्छ, कोरड्या डब्यात बसले की वरच्या जलमय शहराचा विसर पडे. त्या दिवशी मात्र तो एक स्थानक आधी, रवींद्र सदनला उतरला. का उतरला, हे त्याला तेव्हाही सांगता आले नसते. कुणाशी भांडण झाले नव्हते, कचेरीत काही बिनसले नव्हते. दार उघडले आणि पाय बाहेर पडले, एवढेच.

वर आल्यावर पावसाने त्याला जवळच्या 'नंदन'च्या आडोशाला ढकलले. सत्यजित राय यांच्या हस्ते १९८५ साली उद्घाटन झालेले हे चित्रपटगृह कलकत्त्यातल्या रसिकांचे तीर्थक्षेत्र. पण तो रसिक नव्हता. वर्षाकाठी दोन-तीन चित्रपट, तेही सहकुटुंब, एवढीच त्याची सिनेमाशी ओळख. फलकावर मृणाल सेन यांचा 'एक दिन अचानक' होता आणि नटांच्या नावांत डॉ. श्रीराम लागू हे नाव होते. परक्या गावात आपल्या भाषेतले नाव दिसले की माणूस थबकतो. तिकीट स्वस्त होते, पाऊस थांबत नव्हता. तो आत गेला.

पडद्यावरही पाऊसच होता. पाण्याने भरलेले कलकत्ता, मध्यमवर्गीय घर, आणि त्या घरातून एका संध्याकाळी सहज फिरायला म्हणून बाहेर पडलेला प्राध्यापक. तो परत येत नाही. रात्र होते, सकाळ होते. पोलिसांत वर्दी जाते, इस्पितळे पालथी घातली जातात. दिवस, आठवडे, महिने उलटतात. पत्नी, दोन मुली आणि मुलगा वाट पाहतात.

प्रेक्षक म्हणून तो तसा तयारीचा होता. शाळकरी वयात त्याने बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके भाड्याच्या वाचनालयातून आणून अधाशासारखी वाचली होती; झुंजार आणि काळापहाड यांच्या करामतींवर त्याची पिढी वाढली होती. कलकत्त्यात आल्यावर शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश आणि राय यांचा फेलूदा या दोघांची नावे त्याच्या कानांवर पडली होती. ब्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, 'सत्यान्वेषी' म्हणवतो, हे कचेरीतल्या एका सहकाऱ्याने त्याला मोठ्या अभिमानाने सांगितले होते. रहस्यकथेत लेखक आणि वाचक यांचा एक करार असतो: तू शेवटपर्यंत थांब, मी तुला उत्तर देईन. त्या कराराच्या भरवशावर तो खुर्चीत सावरून बसला आणि धागेदोरे गोळा करू लागला.

धागे पुष्कळ होते. प्राध्यापकाचे ग्रंथ, त्याचे लेखन, त्याच्या विद्वत्तेविषयी उठलेल्या शंका. मुलाचा नुकताच मांडलेला आणि न जमणारा व्यवसाय. नोकरी करून घराचा भार उचलणारी थोरली मुलगी, शबाना आझमी यांनी रंगवलेली. घरी येणारी एक बुद्धिमान विद्यार्थिनी, अपर्णा सेन यांनी साकारलेली, आणि तिच्यावर साहजिकच वळणारी संशयाची नजर. त्याने मनोमन तीन शक्यता बांधल्या: आत्महत्या, प्रेमप्रकरण, बदनामीची भीती. कोणती खरी हे आता कळेल, पुढच्या प्रसंगात कळेल, असे म्हणता म्हणता वर्ष लोटले आणि चित्रपट संपला. शेवटी पत्नीला इतकेच आठवते, की जाण्यापूर्वी ते म्हणाले होते, माणसाला आयुष्य एकदाच मिळते, हेच सगळ्यांत मोठे दुःख. दिवे लागले. बाहेर पडणारे बंगाली प्रेक्षक चर्चेत रंगले होते. तो मात्र सरळसरळ फसवला गेल्यासारखा चिडला होता.

चहाच्या टपरीवर मातीच्या भांड्यातला चहा घेऊन तो भिंतीच्या कडेला उभा राहिला. राग हळूहळू निवळला आणि त्याच्या जागी एक विचित्र अस्वस्थता आली. त्याला आठवला 'नटसम्राट'. १९७० च्या डिसेंबरात मुंबईत रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात याच लागूंना त्याने गणपतराव बेलवलकरांच्या रूपात पाहिले होते. तेही घर सोडून जाणाऱ्या वृद्धाचेच नाटक. पण बेलवलकर बोलतात. आपली व्यथा ते चौथ्या भिंतीपलीकडे बसलेल्या प्रत्येकापर्यंत पोहोचवतात. त्यांचा अपमान, त्यांचा अभिमान, त्यांचे वेडेपण यांतले काहीही प्रेक्षकापासून लपून राहत नाही. ते का गेले, असा प्रश्न नाट्यगृहातून बाहेर पडताना कुणालाही पडत नाही. आणि इथे तोच नट, तेच खोल डोळे, तोच भारदस्त आवाज. पण बोलणेच काढून घेतलेले. शिल्लक राहिले ते त्याच्याविषयी इतरांचे बोलणे. घरातला प्रत्येकजण त्याच्या जाण्याचा आपापला अर्थ लावतो, आणि त्या अर्थातून प्राध्यापक दिसत नाही, अर्थ लावणाराच दिसू लागतो. आपल्या तीन शक्यतांतून आपणही असेच दिसलो असणार, हे त्याच्या ध्यानात आले आणि तो थोडासा वरमला.

लागूंविषयी त्याला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. कान-नाक-घशाचे शल्यविशारद म्हणून पुण्यात आणि पूर्व आफ्रिकेत व्यवसाय केलेल्या या माणसाने १९६९ साली वैद्यकी बाजूला ठेवून पूर्णवेळ रंगभूमी पत्करली होती. एकदाच मिळणारे आयुष्य मध्यावर नव्याने मांडण्याचे धैर्य ज्याने प्रत्यक्षात दाखवले, त्यानेच ते न जमलेल्या माणसाची भूमिका करावी, यात त्याला काही विलक्षण वाटले. चहा संपला. मातीचे भांडे त्याने इतरांसारखेच फेकून फोडले आणि तो पायी निघाला.

पाणी गुडघ्याला लागत होते. वाटेत एक ट्राम अंधारात, निकामी होऊन उभी होती. हातरिक्षावाले दुप्पट भाडे मागत होते. एरवी सव्वासहाला घरी पोहोचणारा तो नऊ वाजून गेल्यावर आपल्या इमारतीच्या जिन्यापाशी आला. घरी दूरध्वनी नव्हता. कळवणार तरी कसे, असे त्याने स्वतःलाच समजावले. खरे म्हणजे दोन तासांत कळवण्याची आठवणही त्याला झाली नव्हती.

पहिल्या मजल्याच्या वळणावर त्याला वरून एका बाईचा आवाज ऐकू आला. अस्खलित बंगालीत ती शेजारणीशी बोलत होती. "उनि तो कखनो एतो देरि करेन ना," ती म्हणत होती. त्यांना कधी एवढा उशीर होत नाही. पुढे आणखी पुष्कळ काही होते: कचेरीचा पत्ता, सकाळी घातलेल्या सदऱ्याचा रंग, आणि दहापर्यंत आले नाहीत तर आपल्या नवऱ्याला ठाण्यावर पाठवाल का, अशी विनवणी. ते सगळे त्याला धड समजलेही नाही. आवाजात कंप होता, पण भाषेत कुठेही अडखळणे नव्हते. कोणी बंगाली बाई आपल्या नवऱ्याची वाट पाहते आहे, असे समजून तो दोन पायऱ्या चढला, आणि थांबला. तो आवाज त्याच्या पत्नीचा होता.

तीन वर्षे त्याची अशी समजूत होती की तिला इथली भाषा येत नाही. तिला इथे करमत नाही, म्हणून तो रविवारी तिला हाजरा मार्गावरच्या महाराष्ट्र निवासात नेत असे, आणि आपण तिच्यासाठी काही करतो याचे समाधान मानीत असे. त्याला स्वतःला अजून मोडक्या हिंदीवर वेळ भागवावी लागत होती.

ती रागावली नाही. त्याच्याकडे एकदा पाहून ती आत गेली आणि टॉवेल घेऊन आली.

"कुठे होतात?"

"सिनेमाला गेलो होतो."

"एकटेच?" तिने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता पान वाढायला घेतले. जेवताना तोच म्हणाला, "एक माणूस घरातून निघून जातो."

"मग?"

"परत येत नाही."

"का जातो?"

"ते सांगत नाहीत शेवटपर्यंत."

"मग दोन तास दाखवतात काय?"

"घरातली माणसं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, पानाकडे बघतच, "तू बंगाली कधी शिकलीस?"

तिने आमटी वाढता वाढता हात थांबवला. "दोन वर्षं झाली. अहो, भाजीवाल्याशी, मुलीच्या बाईंशी, डॉक्टरांशी मी कुठल्या भाषेत बोलत असेन असं वाटलं तुम्हांला?"

त्याला काहीच वाटले नव्हते. आणि दारे आतून लावलेल्या घरात एक अख्खी भाषा त्याच्या नकळत वाढली होती. त्या रात्री पाऊस थांबल्यावरही पन्हळीतून पाणी ठिबकत राहिले आणि तो जागा होता. चित्रपटगृहात त्याने प्राध्यापकाच्या जागी सहज स्वतःला ठेवून पाहिले होते. न कळलेला, घराला न उमगलेला पुरुष, ही कल्पना त्याला थोडी सुखावूनही गेली होती. आता त्याला दिसू लागला तो उत्तरा बावकर यांचा चेहरा. प्राध्यापकाच्या पत्नीच्या त्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. राहून गेलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

पुढे त्याची बदली झाली, आणखी दोन गावे झाली आणि निवृत्तीनंतर दोघे पुण्याला स्थायिक झाली. चित्रपट ज्या 'बीज' या कादंबरीवर आधारलेला आहे ती रमापद चौधुरींची, आणि सेन यांचा 'खारिज'ही त्यांच्याच कादंबरीवरून आला, हे त्याला फार उशिरा कळले. सेन यांचा १९७९ सालचा 'एक दिन प्रतिदिन'ही त्याने मिळवून पाहिला. त्यात एक नोकरी करणारी मुलगी रात्रभर घरी येत नाही आणि पहाटे परतते. ती कुठे होती हे तिथेही सांगितलेले नाही. तिच्या नसण्याच्या एका रात्रीत घर आणि शेजार मात्र पुरते उघडे पडतात. एखाद्याला घरातून उचलून बाजूला ठेवायचे आणि मग घराकडे निरखून पाहायचे, ही सेन यांची रीत त्याच्या ध्यानात आली. उत्तर न देण्यात फसवणूक नव्हती. करारच वेगळा होता.

ती माणसे एकेक करून गेली. रमापद चौधुरी आणि मृणाल सेन २०१८ मध्ये, श्रीराम लागू २०१९ मध्ये, उत्तरा बावकर २०२३ मध्ये. बावकर यांच्या निधनाची बातमी वाचली त्या आठवड्यात त्याने मुलीला सांगून 'एक दिन अचानक' घरीच लावून घेतला. या खेपेला पत्नी शेजारी होती. बाहेर पुण्याचे कोरडे, चैत्रातले ऊन होते. पडद्यावर पुन्हा तेच पाणी, तोच अंधारलेला रस्ता, छत्री घेऊन उभे असलेले तेच शहर. तिच्या चेहऱ्याकडे अधूनमधून पाहत तो बसला होता. चित्रपट संपल्यावर ती बराच वेळ बोलली नाही.

"कुठं गेला असेल गं?" त्याने विचारले. बत्तीस वर्षे वागवलेला प्रश्न होता तो.

"ते गेले खरे," ती म्हणाली. "पण तिला जायचं असतं, तर ती कुठं गेली असती?"

त्याला उत्तर सुचले नाही. सुचावे अशी तिची अपेक्षाही नसावी, कारण ती उठून चहा ठेवायला निघाली होती. तिला बसायला सांगून तो स्वतः उठला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी त्याला कलकत्त्यातली ती संध्याकाळ आठवली, एक स्थानक आधी उतरल्याची. आपण का उतरलो होतो हे त्याने तिला कधीच सांगितले नव्हते. तिनेही विचारले नव्हते. आणि या एवढ्या वर्षांत तिला कुठे उतरून जावेसे वाटले होते का, हे त्यानेही विचारले नव्हते. त्याने आधण ठेवले आणि परत येऊन, दारातूनच, तिला ते विचारले.