पाय ठेवण्यापूर्वीं

सकाळीं अंथरुणावरून उतरतांना पायाचा स्पर्श होणार म्हणून भूमातेची क्षमा मागावयाची, हा आपल्या घरांतील जुना परिपाठ. भूमीवर पाय ठेवण्याचेंच भय वाटावें असा देश मीं गेल्या हिंवाळ्यांत पाहिला. चिरंजिवांच्या आग्रहावरून सौभाग्यवतींसह अंकोरचीं देवालयें पाहण्यास कंबोडियांत गेलों होतों.

अंकोरच्या ईशान्येस सुमारें २५ किलोमीटरवर बांतेय स्रेई हें शिवालय आहे. यज्ञवराह नांवाच्या ब्राह्मणानें इ. स. ९६७ मध्यें त्याची प्रतिष्ठा केली. तेथील शिलालेखाची लिपि अपरिचित; परंतु देवनागरींत उतरलेला पाठ मीं टिपून नेला होता. तें संस्कृत वाचतांना, पस्तीस वर्षें मुलांकडून शब्द चालवून घेण्यांत घालविलेल्या मला दूर देशीं सोयरा भेटल्यासारखें वाटलें.

त्याच भरांत मी बाजूच्या झाडीकडे वळलों, तोंच वाटाड्यानें दंड धरला. "लोक-क्रू, मळलेली वाट सोडूं नका." (ख्मेर भाषेंतील हा 'क्रू' म्हणजे आपला 'गुरु'च.) ती जागा आतां निर्धोक आहे, पण लहानपणीं आईनें लावलेली संवय सुटत नाहीं, असें तो ओशाळून म्हणाला.

१९७० पासून जवळजवळ तीस वर्षें हा देश युद्धांत होरपळला. ख्मेर रूज, व्हिएतनामच्या पाठबळावरचें सरकार, इतर पक्ष, सर्वांनींच सुरुंग पेरले. थायलंडच्या सरहद्दीलगत तर त्यांचा पट्टाच झाला. १९९१ सालीं पॅरिसला तह झाला. पण सुरुंगास तह कळत नाहीं. सुरुंगांनीं व न फुटलेल्या बाँबगोळ्यांनीं १९७९ पासून सुमारें ६५ हजार माणसें मेलीं वा जायबंदी झालीं.

पेरणें क्षणाचें, वेचणें पिढ्यांचें. शोधणारा जाड जाकीट व मुखावरण घालून, आंखलेल्या चिंचोळ्या पट्टींत धातुशोधक यंत्र फिरवितो. तें वाजलें कीं गुडघे टेकून हलक्या हातानें माती उकरतो. बहुधा निघतो खिळा नाहीं तर पत्र्याचा तुकडा! तरी पुढच्या वेळीं तितकाच जपून हात घालावयाचा. आकी रा नामक गृहस्थांना बालपणीं ख्मेर रूजनें सुरुंग पुरावयास लावलें होतें. पुढें त्यांनींच काठी व चाकू घेऊन ते उकरून काढण्यास प्रारंभ केला. त्यांचें संग्रहालय पाहून बाहेर आल्यावर बराच वेळ मला बोलवेना.

सियाम रीपला आफ्रिकेंतून आणलेले मोठे उंदीर पाहिले. त्यांना स्फोटक दारूचा वास कळतो, खिळ्यापत्र्याशीं कर्तव्य नाहीं. आणि वजन इतकें बेताचें कीं सुरुंग फुटत नाहीं. टेनिसच्या पटांगणाएवढी जागा अर्ध्या तासांत हुंगून होते. यंत्रधारी माणसास चार दिवसहि लागतात. मगावा नांवाच्या उंदरानें ७१ सुरुंग शोधले, त्यास २०२० सालीं इंग्लंडांतील एका संस्थेनें सुवर्णपदक दिलें. २०२२ मध्यें तो वारला. गजाननाचें वाहन या कामीं लागलेलें पाहून सौभाग्यवतींनीं हात जोडले. मला हंसूं आलें नाहीं.

हे सुरुंग सर्वस्वी वर्ज्य करण्याच्या १९९७ च्या ओटावा करारावर कंबोडियानें सही केली. आपल्या देशानें अद्याप केलेली नाहीं. सरहद्दीची अडचण मी जाणतों. पण तो दंड धरणारा हात आठवला कीं ती अडचण मनास पटत नाहीं.

निरोप घेतांना वाटाड्याला घरचें विचारलें. त्याच्या गांवचीं शेतें आतां साफ झालीं आहेत. आठ वर्षांची मुलगी बांध सोडून वाटेल तिकडे धांवते. तो अजून ओरडतो. ती ऐकत नाहीं.