लाखोरी

पुण्याच्या पाहुण्यांपुढे आमच्या भंडाऱ्याच्या तांदळाची स्तुती करताना मला मोठा कंठ फुटतो; लाखोरीच्या डाळीचा विषय निघाला की मात्र मी पापड मागतो. गरिबाची डाळ ती! लहानपणी मामाच्या घरी तिचे वडे मी परातभर खाल्ले आहेत, हे कॉलेजात अजून कुणाला ठाऊक नाही.

मामांची चार एकर कन्हार जमीन पवनीकडे आहे. पाणी पावसाचेच. धान कापणीला पंधराएक दिवस उरले, की उभ्या धानातच, ओल्या बांधीत, मामा लाखोरीचे बी फेकतात. ना नांगर, ना खत. उरल्या ओलीवर ती फाल्गुनापर्यंत तग धरते.

गेल्या संक्रांतीला मी त्यांना शहाणपण शिकवायला गेलो. "मामाजी, मजूर मिळत नाहीत. पुढच्या साली धानाला हार्वेस्टर लावा. लाखोरी चाकांखाली चिरडेल, पण चिरडू द्या. युरियाची एक गोणी जास्त टाका." शिवाय महिनोन्‌महिने हीच डाळ खाल्ली तर पाय लुळे पडतात, म्हणून 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, हेही ऐकवले.

"खरं आहे बाबू," मामा म्हणाले, "दुसरं काहीच नसलं म्हणजे माणूस तेच खाते, मग पाय जाते. तुझी मामी गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून देते."

मग त्यांनी बांधीतले एक रोप हलकेच उपटून माझ्या हातात ठेवले. मुळांना बारीक गाठी होत्या. एक नखाने फोडली, तर आत गुलाबी! हवेतले नत्र धरून ठेवणारे जिवाणू यांतच राहतात, हे मी शाळेत पाठ केले होते. पाहिले मात्र चाळिशी उलटल्यावर. मामा एरवी रोप उपटत नाहीत, विळ्याने कापतात. मुळे तिथेच कुजतात, त्यांतले नत्र पुढच्या धानाला मिळते. कुटार बैलांना, आणि शेण पुन्हा बांधीत.

"पण वाकून धान कापायला आता कंबर साथ देत नाही," ते हळूच म्हणाले. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दसऱ्याला त्यांचा फोन आला. यंदा हार्वेस्टर येणार. बोडीजवळच्या दोन बांध्या तेवढ्या हाताने कापायच्या, लाखोरी तिथेच. कापणीला येतो, असे मी बोलून बसलो आहे. विळा धरून मला तीस वर्षे झाली.

"येताना वड्यांपुरती लाखोरी आणतो," मी घरात सांगितले.

"आणा," सौभाग्यवती म्हणाल्या, "पण ते पाणी तुम्हीच फेकायचं."