तीन ओळी, पाच वारस

गेल्या वर्षी जून महिन्यात महाविद्यालयाच्या कार्यालयातून एक फॉर्म हाती आला. निवृत्तिवेतनाच्या खात्यातील नामनिर्देशन नव्याने नोंदवायचे होते. कार्यालयातले लिपिक म्हणाले, "सर, दोन मिनिटांचं काम आहे. मॅडमचं नाव टाका, शंभर टक्के लिहा आणि सही करा." बहुतेक सहकाऱ्यांनी तसेच केले होते. मी मात्र तो फॉर्म पिशवीत घालून घरी आणला आणि पुढचे तीन आठवडे तो माझ्या टेबलावर, तपासायच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, पडून राहिला.

१ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या आमच्या पिढीला जुने निवृत्तिवेतन नाही. आधी परिभाषित अंशदान योजना आणि नंतर एनपीएस, अशा वाटेने पगारातून दरमहा कापली जाणारी रक्कम आणि शासनाचा वाटा मिळून जे साठेल, तीच म्हातारपणाची शिदोरी. त्यामुळे या कागदाला महत्त्व होतेच. त्यावर नावांसाठी तीन ओळी होत्या आणि प्रत्येक नावापुढे टक्केवारीचा रकाना होता. खाली बारीक अक्षरांत सूचना होती : टक्केवारी पूर्णांकातच लिहावी, अपूर्णांक ग्राह्य धरले जाणार नाहीत, एकूण बेरीज शंभर भरली पाहिजे.

मी मुसलमान आहे आणि मुसलमानाचा वारसा हा सगळा अपूर्णांकांचाच व्यवहार असतो. निम्मा, चौथा, आठवा, दोन तृतीयांश, तिसरा, सहावा असे सहा हिस्से कुरआनात नेमून दिलेले आहेत. 'निसा' म्हणजे 'स्त्रिया' या नावाच्या अध्यायातील ११, १२ आणि १७६ या तीन आयतींत त्यांचा जवळजवळ सगळा पाया आहे. मयताच्या मालमत्तेतून आधी कफनदफनाचा खर्च करायचा, मग कर्ज फेडायचे (पत्नीचा द्यायचा राहिलेला मेहरही कर्जच), मग मृत्युपत्राने काही दिले असल्यास ते एक तृतीयांशाच्या मर्यादेत द्यायचे. उरेल त्याची वाटणी नेमलेल्या हिश्शांनी करायची. सुन्नी परंपरेत वारसाच्या नावे मृत्युपत्र करून त्याचा हिस्सा वाढवता येत नाही. इतर वारसांनी मागाहून संमती दिली तरच ते चालते. म्हणजे माझ्या पश्चात कोणाला किती, हे ठरवण्याचा अधिकार मुळात मला फारसा नाहीच. आणि फॉर्म तर नेमके तेच मला विचारत होता.

या आयतींमागची एक कथा हदीसच्या ग्रंथांत येते. उहुदच्या लढाईत साद बिन रबी मारले गेले. त्यांची विधवा दोन मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली आणि म्हणाली की, मुलींच्या काकाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली आहे, मुलींसाठी काहीच उरलेले नाही. त्यानंतर वारशाची आयत अवतरली. प्रेषितांनी त्या काकाला बोलावून सांगितले की, मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे आणि उरेल ते तुझे. एवढ्या मोठ्या कायद्याच्या उगमाशी एक विधवा, दोन मुली आणि ज्याच्या हाती मालमत्ता आधी पडली असा एक पुरुष उभा आहे. मलाही दोन मुलीच आहेत. तेव्हा ही कथा मला निव्वळ इतिहास म्हणून वाचता येत नाही.

माझे वारस आज पाच : पत्नी, दोन मुली, अम्मा आणि अब्बा. अब्बा मराठी शाळेत शिक्षक होते. पावकी, निमकी, अडीचकी त्यांना अजून तोंडपाठ आहे. एका रविवारी सकाळी मी कागद घेऊन त्यांच्याशेजारी बसलो. पत्नीचा आठवा, दोन मुलींचे मिळून दोन तृतीयांश, आईचा सहावा, बापाचा सहावा. सर्वांचा छेद चोवीस धरला तर तीन, सोळा, चार आणि चार. बेरीज सत्तावीस झाली. अब्बांनी पुन्हा बेरीज केली. चोवीस भागांच्या मालमत्तेचे सत्तावीस मागणारे निघाले.

ही अडचण नवी नाही. चौथे खलिफा हजरत अली मिंबरवर प्रवचन करीत असताना कोणीतरी नेमका हाच प्रश्न विचारला, अशी सुन्नी परंपरेत आख्यायिका आहे. पत्नी, दोन मुली, आई आणि बाप. अलींनी बोलणे न थांबवता उत्तर दिले की, तिचा आठवा हिस्सा नववा झाला. म्हणजे छेद चोवीसऐवजी सत्तावीस करायचा आणि सर्वांनीच आपापल्या प्रमाणात थोडे थोडे सोडायचे. याला 'औल' म्हणतात. शिया विधिज्ञांना ही रीत मान्य नाही, पण सुन्नी पंथांत ती रूढ आहे. हे हिशेब इतके गुंतागुंतीचे की, ज्याच्या ग्रंथनामावरून 'अल्जिब्रा' हा शब्द आला त्या नवव्या शतकातल्या अल्-ख्वारिझ्मीने आपल्या ग्रंथाचा मोठा भाग वारसावाटपाच्या उदाहरणांना दिला. माझे घर हे एका जुन्या पाठ्यपुस्तकातले गणित निघाले याची मला गंमत वाटली. टक्केवारी काढली, तर पत्नीला ११.११, प्रत्येक मुलीला २९.६३, अम्मा-अब्बांना प्रत्येकी १४.८१. एकही आकडा फॉर्मच्या अटीत बसत नव्हता. आणि ओळी तर तीनच होत्या.

अब्बा म्हणाले, "आमचे दोघांचे हिस्से मुलींना लिहून टाक. आम्हाला काय करायचेत?" मी सांगितले की, तसे होत नाही. माणूस जिवंत असेपर्यंत त्याच्या मालमत्तेत वारसाचा कोणताच हक्क नसतो, मग जो हक्क अजून जन्मलेलाच नाही तो सोडणार कसा? शिवाय हिस्से आज मोजून ठेवण्यात अर्थही नाही. अब्बा माझ्याआधी गेले तर बेरीज सत्तावीसवरून तेवीसवर येते आणि उरलेला एक भाग माझ्या भावाकडे जातो. कोण हयात आहे यावर सगळे अवलंबून. आणि ते मृत्यूच्या दिवशीच कळते. फॉर्म आजचे बोलतो, वारशाचा कायदा त्या दिवसाचे बोलतो.

मग या फॉर्मवरच्या नावाचा अर्थ तरी काय? आपल्याकडे सर्वसाधारण समज असा की, ज्याचे नाव त्याचे पैसे. न्यायालयांनी मात्र वेगळे सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात विम्याबाबत म्हटले की, नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, पण मालक होत नाही. ती रक्कम वारसांची. २००९ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या एका प्रकरणात असाच प्रश्न आला. नोकरदाराने लग्नापूर्वी आईचे नाव लावले होते, लग्नानंतर ते बदलायचे राहून गेले. त्याच्या पत्नीला तिचा हिस्सा मिळाला. डिसेंबर २०२३ मधला शेअर्ससंबंधीचा निकाल तर मराठी माणसाच्या परिचयाच्या घरातला आहे. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या त्या वादात न्यायालयाने पुन्हा सांगितले की, नामनिर्देशन हा वारशाचा तिसरा मार्ग नव्हे. आयुर्विम्यापुरता २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी आणि मुले यांच्यासाठी वेगळा विचार आणला आहे. तेवढी सावधगिरी बाळगायला हवी. पण मूळ सूत्र ते हेच. आणि मुसलमानांच्या बाबतीत 'वारस कोण' याचे उत्तर १९३७ च्या शरीअत अधिनियमाने मुस्लिम व्यक्तिगत कायद्याकडे सोपवले आहे.

मराठीचा विद्यार्थी म्हणून मला येथे शब्दांकडे पाहावेसे वाटते. वारस, हक्क, हिस्सा, मयत हे सगळे शब्द अरबीतून आले आणि आपल्या दप्तरांत मुरून गेले. 'तकसीम'ची तक्षीम झाली आणि कोकणातल्या जुन्या कागदांत ती अजून भेटते. 'नामनिर्देशित' हा मात्र कचेरीने घडवलेला संस्कृत शब्द. तो उच्चारताना डोळ्यांसमोर कोणतेच माणूस उभे राहत नाही. त्याच्या जागी मला दुसरा एक शब्द सुचतो. दुसऱ्याची ठेव आपल्यापाशी राखणे याला अरबीत 'अमानत' म्हणतात. मराठीत अक्षरांची अदलाबदल होऊन तिची 'अनामत' झाली. ती राखणारा तो अमीन. न्यायालयाने शेकडो पानांत जे सांगितले ते या एका शब्दात येते. फॉर्मवर आपण मालकाचे नाव लिहीत नाही, अमिनाचे लिहितो.

हे मी अब्बांना सांगत होतो तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात घेतला आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबांच्या फंडावर माझं नाव होतं."

आजोबा मुंबईत गोदीत होते. १९८७ साली ते वारले. आजी आधीच गेली होती. मागे तीन मुलगे आणि एक मुलगी, म्हणजे माझी फुफू. नाव थोरल्या मुलाचे, म्हणून बेचाळीस हजार रुपये अब्बांच्या हाती आले. तिघा भावांनी ते घराच्या दुरुस्तीला घातले. ज्या घरात मी वाढलो, पहिली पुस्तके वाचली, त्याचे छप्पर त्या पैशांचे आहे. फुफूला कोणी विचारले नाही, अशातला भाग नाही. विचारले, पण भावांच्या घरी, चौघांच्या देखत, ईदच्या दिवशी विचारले. ती म्हणाली, "माफ केलं." महाराष्ट्रात बहिणी अशाच हक्कसोड करतात. धर्म कोणताही असो, त्या सहीची जागा आणि वेळ भाऊच ठरवतात. कुरआनाने नेमून दिलेला हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, ही भीती चौदाशे वर्षांनंतरही बहिणीच्या मनातून गेलेली नाही.

मी सहज विचारले, "तिचा सातवा हिस्सा किती झाला असता?" मुलाला दोन आणि मुलीला एक या हिशेबाने तिघा भावांचे सहा आणि तिचा एक. अब्बांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "सहा हजार." हे गणित त्यांनी त्या सकाळी केलेले नव्हते.

येथे माझे काही मित्र म्हणतील की, मुळात भावाला दोन आणि बहिणीला एक हेच अन्यायाचे नाही का? हा प्रश्न मी टाळू इच्छित नाही. महाराष्ट्रात हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले तेव्हापासून मुस्लिम स्त्रीच्या हक्कांचा प्रश्न मराठीतून उघडपणे विचारला जात आहे. केरळमधील वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांनी ८ मार्च २०२३ रोजी आपल्याच पत्नीशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा विवाह नोंदवला. त्यांना तीन मुली आहेत. त्या विवाहामुळे वारसाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि मालमत्ता पत्नीला आणि मुलींनाच मिळते. त्यांचा निर्णय मी आदराने पाहतो. मी तो घेतला नाही. माझ्या पश्चात म्हाताऱ्या आईबापाचाही माझ्या कमाईवर हक्क आहे, हे मला पटते. पत्नीचा नववा हिस्सा मात्र मला अपुरा वाटतो. पण परंपरेने त्यासाठी जिवंतपणीची वाट मोकळी ठेवली आहे. हयातीत मनापासून दिलेली आणि ताबा सोपवलेली भेट, म्हणजे हिबा, हिश्शांच्या हिशेबात येत नाही. जे तिला द्यावेसे वाटते ते मी मेल्यावर फॉर्मकरवी देण्यापेक्षा आताच द्यावे, हे उघड आहे. ते मी आजवर केले नव्हते, याला कोणताही धर्मग्रंथ जबाबदार नाही.

दुसऱ्याच दिवशी बाकी राहिलेला मेहर मी पत्नीच्या खात्यात भरला. तिने विचारले, "आज काय विशेष?" मी फॉर्म तिच्यापुढे ठेवला आणि सगळे सांगितले. मग तिचेच नाव लिहिले आणि शंभर टक्के लिहिले, लिपिकांनी सांगितले होते अगदी तसेच. फरक एवढाच की, सोबत मराठीत एक पत्र लिहिले. ही रक्कम तिच्याकडे अनामत आहे. माझ्या मृत्यूच्या दिवशी जे वारस हयात असतील त्यांचे हिस्से शरीअतीप्रमाणे काढावेत. कोणाही वारसाला, विशेषतः मुलींना आणि अम्माला, चारचौघांत 'माफ कर' असे म्हणायला लावू नये. हे पत्र मी जेवणानंतर सर्वांसमोर मोठ्याने वाचले. अब्बांनी आणि शेजारच्या गुरुजींनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. मुलींना, एक दहावीत आणि एक सातवीत, सत्तावीसचा छेद समजावून सांगायला अर्धा तास लागला.

पुढच्या आठवड्यात अब्बा एसटीने फुफूच्या गावी गेले. सहा हजारांत स्वतःच्या मनाने त्यांनी बरीच भर घातली होती. मी सोबत येऊ का, असे विचारले तर नको म्हणाले. आमच्या घरात सगळ्यांची खात्री होती की, फुफू पैशांना हात लावणार नाही. एवढ्या वर्षांनी कशाला, म्हणून परत करील. संध्याकाळी अब्बा आले, हातपाय धुऊन ओट्यावर बसले. मी पाणी दिले.

"घेतले?" मी विचारले.

"घेतले," अब्बा म्हणाले. "मोजून घेतले."