घोडनदीकाठचं तट्टू

तुम्ही म्हणाल, बायकांच्या साप्ताहिकात घोड्याचं काय काम? लोणची-पापड, विणकाम, मुलांचे अभ्यास सोडून ही बाई तबेल्यात कुठे शिरली? पण मैत्रिणींनो, दाराशी घोडं बांधलं की त्याची लीद कोण काढतं, त्याला पाणी कोण दाखवतं आणि त्याच्या हरभऱ्याचे पैसे कोणत्या डब्यातून जातात, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणूनच ही हकिगत तुमच्यापुढे ठेवते आहे.

माझं सासर आंबेगाव तालुक्यातलं. तालुक्याचं नाव आंबेगाव, पण कचेरी घोडेगावला. मूळचं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. घोडेगावाला लागून वाहते ती घोड नदी. हे ‘घोड’ कुठून आलं असं विचारलंत, तर पारावरचे दोन म्हातारे तुम्हाला तीन मतं ऐकवतील. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही बिऱ्हाड केलं नारायणगावला. तिथे मी अर्धवेळ शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. सासरी जाणं होतं ते सणासुदीला, यात्रेला आणि हिरडा गोळा करायच्या दिवसांत.

आमच्या गोठ्यात पूर्वापार एक तट्टू असायचंच. तट्टू म्हटलं की आपण नाक मुरडतो. ‘भाड्याचं तट्टू’ ही तर शिवीच. मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजींची तांबडी नावाची घोडी होती. आखूड पाय, रुंद पाठ, पिंपासारखं पोट, जाड मान आणि कपाळावर येणारी झुलपं. पहिल्या दिवशी मी आपली मनात म्हटलं, हे घोडं की गाढवाची मावशी? पण उतारावरून हिरड्याची पोती आणायची तर तांबडी, रानातून गवताचे भारे आणायचे तर तांबडी, बियाणं वर न्यायचं तर तांबडी. एका आषाढात रस्ता खचला आणि सासूबाई तापानं फणफणलेल्या. त्यांना पाठीवर बसवून, वर इरलं धरून मामंजींनी डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. निसरड्या पायवाटेवर तांबडीनं प्रत्येक पाऊल आधी चाचपून मग टाकलं, असं सासूबाई अजून सांगतात. ती म्हातारी होऊन गेली तेव्हा घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही.

तांबडीची जागा रिकामी झाली आणि आमच्या धाकट्या भाऊजींच्या डोक्यात उंच घोडी शिरली. त्याला कारणही होतं. आमच्या जुन्नर-आंबेगाव-खेडकडे बैलगाड्याच्या शर्यतीत गाड्याला चार बैल असतात आणि त्यांच्यापुढे स्वारासह घोडी पळते. घाट चढताना बैल त्या घोडीच्या मागे लागून धावतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली. मग २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाचा निकालही शर्यतींच्या बाजूनं लागला. मधली वर्षं गप्प बसलेले सगळे गाडामालक एकदम जागे झाले. भाऊजी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेले आणि मारवाडी घोडी घेऊन आले. किती पैसे मोजले ते मामंजींना अजून सांगितलेलं नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही.

खरं सांगते, मीही भुलले. काय तिचा डौल! लांब पाय, बारीक चेहरा, आणि कान असे आत वळलेले की टोकाला टोक भिडावं. कातडी रेशमासारखी. नाव ठेवलं राणी. चैत्रातल्या यात्रेला घाटात ती पळाली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. भाऊजींना फेटा बांधला, आम्ही बायकांनी राणीला ओवाळलं. त्या दिवसापुरतं बोलायचं तर तांबडीनं सात जन्म घेतले असते तरी तसं जमलं नसतं.

पण यात्रा एका दिवसाची, आणि वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट.

राणीला नुसत्या गवतावर भागत नव्हतं. हरभरा भिजवायचा, भुसा चाळायचा, पाणी शिळं झालं तर ती तोंड लावायची नाही. ओझं घ्यायचा तर प्रश्नच नव्हता. भाऊजी दिवसभर गाडा आणि बैल यांच्यात, म्हणजे हे सगळं धाकट्या जाऊबाईंच्या गळ्यात. गवताचा भारा त्या स्वतःच्या डोक्यावर आणायच्या, तो राणीपुढे टाकायच्या. ‘ताई, पूर्वी घोडी मला गवत आणून द्यायची, आता मी घोडीला आणते,’ असं त्या मला चुलीपाशी हळूच म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण तुम्हाला कळलंच असेल ते हसू कसलं होतं.

मग पाऊस लागला. आमच्या पश्चिम भागातला पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना कसा सांगू? आठ-आठ दिवस सूर्य नाही, गोठ्यात ओल, अंगणात घोट्याएवढा चिखल. राजस्थानच्या कोरड्या हवेतली ती जात. राणीचे खूर मऊ पडले, पायाला चिघळलं, एकदा पोटशूळ उठला तेव्हा जाऊबाई रात्रभर कंदील घेऊन तिला अंगणात फिरवत होत्या. श्रावणात ती उतारावर घसरली आणि लंगडायला लागली. दसऱ्याच्या सुमारास घेतल्या किमतीच्या निम्म्यात ती तळेगावाकडच्या एका माणसाला दिली. राणीचा यात काय दोष? तिला कोरडी जमीन आणि हाताखाली माणूस हवा. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

याच सुमारास मी शाळेच्या मुलींना घेऊन नाणेघाटाला गेले होते. जुन्नरला कधी गेलात तर शिवनेरी बघालच, पण एक दिवस नाणेघाटासाठी राखून ठेवा. घाटघरच्या पुढे कातळात कोरलेली ही वाट खाली कोकणात उतरते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याचा माल इथून जुन्नरला चढायचा. माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं सांगतात. आतल्या गुहेत सातवाहनांची राणी नागणिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. दोन अश्वमेधांचा, दान दिलेल्या गाई-हत्ती-घोड्यांचा हिशेब भिंतीवर कोरलेला. मुलींना मी म्हटलं, बघा, बाईनं ठेवलेला हिशेब कसा टिकतो. पण माझं लक्ष होतं ते त्या दगडी पायऱ्यांवर. उतरताना माझेच गुडघे बोलायला लागले, तेव्हा मनात आलं, इथून पाठीवर माल घेऊन चढायचं तर जनावर बुटकं, रुंद आणि पायाचं पक्कंच हवं. लांब पायांचं देखणेपण या वाटेवर काय कामाचं?

घरी येऊन मग पुस्तकं काढली. १६५७ च्या एप्रिलअखेर शिवाजीमहाराजांनी रात्री दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहरात प्रवेश केला आणि तीन लाख होनांबरोबर दोनशे घोडे नेले. (जन्माचा शिवनेरी मात्र त्यांना अखेरपर्यंत घेता आला नाही, याची मला दर वर्षी हा धडा शिकवताना चुटपुट लागते.) मराठ्यांचं घोडदळ मुख्यतः ज्या जनावरावर उभं राहिलं ती भीमथडीची तट्टं, भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठची. आमची घोड नदीही शेवटी भीमेलाच मिळते. ती कडब्यावर, वाटेतल्या गवतावर राहायची, डोंगर चढायची, आणि दाणा-वैरणीचा मोठा डोलारा मागे ओढावा लागत नसे. राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ साली राज्यगीताचा मान मिळाला, त्यातही या तट्टांचा उल्लेख आहे. मुलं ते उभं राहून म्हणतात आणि बाहेर पडून तट्टाला हसतात!

१८१८ साली पेशवाई गेली, पागा मोडल्या, आणि या जनावराला विचारणारं कोणी उरलं नाही. एक धनगर सोडून. त्यांच्याच जिवावर ही जात तगली आणि कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं आत्ता २०२३-२४ मध्ये ‘भीमथडी’ म्हणून तिची स्वतंत्र नोंद केली. मारवाडी, काठियावाडी वगैरे सात जाती आधी होत्या, ही आठवी. इंग्लंडात असंच आखूड पायांचं, रुंद पाठीचं घोडं असतं, त्याला ‘कॉब’ म्हणतात. माझी मावसबहीण तिकडे वेल्समध्ये राहते. तिच्या शेजारणीनं हौसेनं एक कॉब पाळला आहे. तिनं फोटो पाठवला तर मी दचकलेच, आमची तांबडीच जणू, फक्त पायांवर केस जास्त! पूर्वी हीच घोडी तिकडे दूधवाल्याच्या गाडीला असायची. शर्यतीचा घोडा बघायला, कॉब वापरायला, असं ती शेजारीण म्हणते म्हणे.

दिवाळी झाली की पारनेरकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या बाजूला येतात. मीना नदीच्या कडेला, काढून झालेल्या वावरात शेतकरी त्यांची मेंढरं बसवून घेतात, खतासाठी. शाळेच्या वाटेवरच त्यांचा तळ पडला होता. मेंढरांमागे पुरुष, आणि बिऱ्हाड हलवायचं ते बायका आणि घोड्यांनी. पाल, वाघर, भांडी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं, आणि सगळ्यांच्या वर बांधलेलं एक दोन वर्षांचं पोर, एवढं एका तट्टाच्या पाठीवर! माझ्याएवढ्याच वयाची एक बाई हे सगळं उतरवत होती. मी थांबले, बोलले. उंच घोडं का नाही ठेवत, विचारलं.

‘उच्च्या घोड्यावर वझं टाकाया दोन माणसं लागत्यात, बाई,’ ती म्हणाली. ‘मानसं मेंढरांमागं. मी एकलीनं कुनाला हाळी मारू? ह्ये माझ्या खांद्याखाली ऱ्हातंय.’

इतिहासाच्या कुठल्या पुस्तकात हे कारण मला सापडलं नव्हतं.

तिच्याजवळ तीन वर्षांची एक शिंगी होती, काळसर, कपाळावर टिळा. नालाचा खिळा खुराला कधी लागला नव्हता, तरी खूर दगडासारखे. मी संध्याकाळी सासरी फोन केला. भाऊजी म्हणाले, ‘वहिनी, लोक हसतील.’ मामंजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जाऊबाई एकट्याच आल्या. लग्नाला बारा वर्षं झाली, पण नवऱ्याशिवाय त्या पहिल्यांदाच एवढं अंतर आल्या असतील. त्यांनी शिंगीचे दात पाहिले, पाय उचलून पाहिले, मानेवर हात ठेवून जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग धनगरणीशी भाव केला. मी मध्ये तोंड घालणार होते, पण गरज पडली नाही. माझ्याकडे दोन घास मासवडी-भाकरी खाऊन त्या शिंगीला पिकअपमध्ये चढवून घेऊन गेल्या.

परवा सासरी गेले होते. भाऊजी अजून तिला नावानं हाक मारत नाहीत, ‘ते तुमचं तट्टू’ म्हणतात. यात्रेला घाटात पळवायला घोडी भाड्यानं आणायचं ठरलं आहे. मी ओसरीवर शेंगा निवडत बसले होते. तेवढ्यात जाऊबाई रानातून आल्या, पुढे शिंगी, तिच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गवताचे भारे, आणि यांचे दोन्ही हात मोकळे. एका हातानं त्या पदरानं घाम पुसत होत्या, दुसऱ्या हातात पोरासाठी आणलेली बोरं होती. दाराशी आल्यावर त्यांनी कुणालाही हाक न मारता दोन्ही भारे सोडून खाली घेतले.

भाऊजी ओट्यावरून बघत होते. थोड्या वेळानं उठले, आत गेले, आणि बादलीभर पाणी आणून त्यांनी शिंगीपुढे ठेवलं.